बाबांच्या उशाशी तूच बस

सलाम पोरा,

रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर चपला घालता घालता तू म्हणालास, "काका, आजारी बाबांसाठी माझी प्रार्थना लागंना झालीय. तुम्हीच करा की." वर खिशातनं तेलाची बाटली काढून दाखवलीस, कुठल्याशा मोठ्या सभेतनं आणलेली. तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विनंती टाकून झालीय, चौथ्यावर टाकायचीय म्हणालास. मी नुसतं हूं केलं आणि निघालो. राग आला होता. तुझा थोडा, माझा जास्त.

तुझी काकू शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा मी उद्यमनगरात लेथवर होतो. कुणी म्हणालं, सांगलीत एक जण हात ठेवतात आणि गुण येतो; मी एसटीनं सांगली गाठली. कुणी पुणं सांगितलं, पुण्याला गेलो. एका रात्री ती म्हणाली, "अहो, तुम्हीच करा ना दोन शब्द." मी काय म्हणावं? "मला कुठं येतंय? सकाळी पाळकसाहेबांना घेऊन येतो." खाटेच्या लोखंडी दांडीवर माझा हात होता, त्यावर तिनं आपला ठेवला होता. तो तिनं हळूच काढून घेतला. सकाळी पाळकसाहेब आले, मनापासून प्रार्थना केली. पण तिनं मागितली होती ती माझी. महिन्याभरात गेली.

म्हणून सांगतो, तुझी प्रार्थना तूच कर.

तू म्हणशील, बायबलात याकोबाच्या पत्रात 5व्या अध्यायात लिहिलंय की कुणी आजारी असलं तर मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठांना, बोलवा, तेल लावा. लिहिलंय. मी स्वतः मंडळीचा वडील आहे, मला माहीत नाही होय? पण दोन ओळी पुढं वाच ना! एकमेकांसाठी प्रार्थना करा म्हणतो, आणि एलीया संदेष्टासुद्धा आपल्यासारख्याच स्वभावाचा माणूस होता म्हणतो. नहेम्या कोण होता? राजाचा प्यालेबरदार, त्याला प्याला भरून देणारा. राजानं विचारलं, तुला काय हवंय. उत्तर द्यायच्या आधी तिथंच उभ्या उभ्या त्यानं देवाला हाक मारली. डोळे मिटायला तरी सवड मिळाली असेल का? मंदिरात मूल मागणाऱ्या हन्नाचे तर नुसते ओठ हलत होते. एली याजकाला वाटलं, बाई प्यायलीय. याजकाला कळली नाही ती देवाला कळली. प्रभूनं प्राण सोडला तेव्हा मंदिरातला, देवाच्या आणि माणसाच्या मधला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, तो आपण परत शिवत बसलोय.

आणि भाषेचं कारण तर सांगूच नकोस. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताला आपल्या अभंगात आणून बसवलं. तुला अजून वाटतं, "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या" असं सुरू केल्याशिवाय देव ऐकत नाही. "देवा, बाबांचा उजवा हात हलत नाही, मला लई भ्या वाटतंय," एवढं म्हण. पुढचं सुचलं नाही तर गप्प बस. रोमकरांस पत्रात 8व्या अध्यायात त्याचीही सोय आहे, शब्द सुचत नाहीत तेव्हा पवित्र आत्माच आपल्यासाठी विनंती करतो म्हणून; काढून बघ.

हात हलेल का? मला माहीत नाही. प्रेषित पौलानं आपल्या देहात सलणारा काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, दूर कर म्हणून प्रभूला तीनदा विनवलं, निघाला नाही. त्याच्यापेक्षा जास्त वशिला कुणाचा असणार, त्या बाटलीवाल्यांचा?

मंडळीत माझ्याबद्दल बोलतात, ठाऊक आहे. म्हातारा ताठ आहे, कुणी प्रार्थना सांगितली की उलट शिकवतो. बोलू देत. मी नाही म्हटल्यामुळं दोन घरांत तरी बाप-लेक एकत्र गुडघ्यावर आलेत, मी बघितलंय. आता तू म्हणशील, काका स्वतःचंच समर्थन करायलेत. असेल. तरी तुझी प्रार्थना तूच कर.

आज रात्री मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेव. बाबांचा तो उजवा हात हातात घे आणि मोठ्यानं बोल, त्यांना ऐकू जाईल असं. तू अडखळलास तर ते हसतील कदाचित. हसू देत.

आणि बघ, मी करत नाही असं नाही. रोज पहाटे रंकाळ्यावर फिरताना तुझ्या बाबांचं नाव घेतो. हे तुला सांगायचं नव्हतं.

तुझा,
काका