सातव्या आठवड्यात लॅमोट्रिजिन थांबवायचं का?

ताई, तुम्ही विचारलंत: आकडीवरची (फिट्सवरची) गोळी लॅमोट्रिजिन 200 मिलिग्रॅम चालू आहे, गरोदरपणाचा सातवा आठवडा लागलाय आणि सासूबाई म्हणतात, तीन महिने गोळी नको. थांबवू नका, एक डोसही चुकवू नका. अचानक बंद केलं तर मोठी आकडी येऊ शकते. त्यात पोटावर पडणं, बाळाचा ऑक्सिजन कमी होणं हा धोका गोळीपेक्षा कितीतरी मोठा. सासूबाईंना वाटते ती भीती खरी आहे ती व्हॅल्प्रोएट या आकडीवरच्या दुसऱ्या औषधाबाबत: त्यावर साधारण दहात एका बाळाला जन्मजात व्यंग असतं. लॅमोट्रिजिनवर हे प्रमाण शंभरात 2-3, म्हणजे इतर बाळांइतकंच. (व्हॅल्प्रोएट चालू असलेल्यांनीही परस्पर बंद करू नये, लगेच न्यूरोलॉजिस्टना गाठावं.)

तुमची खरी अडचण वेगळीच आहे. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, यकृत लॅमोट्रिजिन भराभर बाहेर टाकतं आणि रक्तातली पातळी निम्म्यावरही येऊ शकते. गोळी वेळेवर घेऊनही आकडी येते ती यामुळे. म्हणून याच आठवड्यात पातळी तपासा. गरोदरपणाआधीचा रिपोर्ट असेल तर शोधून ठेवा, तुलना त्याच्याशीच होते. पुढे साधारण दर महिन्याला तपासणी, दरवेळी एकाच लॅबमध्ये, सकाळची गोळी घेण्याआधी. डोस किती वाढवायचा ते मात्र न्यूरोलॉजिस्टच ठरवतील.

उलटीत गोळी पडली तर पुन्हा घ्यायची का, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. फॉलिक अ‍ॅसिड सहसा 5 मिलिग्रॅम देतात, तेही चालू ठेवा. 18 ते 20 आठवड्यांत अ‍ॅनोमली स्कॅन (बाळात व्यंग आहे का ते बघणारी सोनोग्राफी).

सातव्या महिन्यात पुण्याहून माहेरी जाणार असाल तर निदान दोन महिन्यांच्या गोळ्या त्याच कंपनीच्या न्या, आणि तिथल्या डॉक्टरांसाठी डोसचा कागदही. बाळंतपणानंतरचे डोस कधी, किती कमी करायचे तेही त्यात हवं. बहुतेकांकडून हेच राहून जातं. प्रसूतीनंतर दोन-तीन आठवड्यांत पातळी झपाट्यानं चढते; वाढवलेला डोस तसाच राहिला तर चक्कर येते, एकाचे दोन दिसतात, तोल जातो. घरचे त्याला बाळंतिणीचा अशक्तपणा समजतात. अंगावर पाजायला सहसा हरकत नसते. रात्रीचं एखादं पाजणं काढलेल्या दुधावर घरच्यांनी सांभाळावं, कारण जागरणानं आकडी येते. बाळाला एकटीनं अंघोळ घालू नका.

आकडी आलीच तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108. विसाव्या आठवड्यानंतरची आकडी नेहमीसारखी वाटली तरी त्याच दिवशी दवाखान्यात बीपी आणि लघवीतलं प्रोटीन बघून घ्या. ती गरोदरपणातल्या बीपीचीही असू शकते.