करिअर समुपदेशनात नवीन आहात? आधी एवढं शिका

ताई, सुरुवातीला कलचाचणीचं सॉफ्टवेअर घेऊ का, रील-एआय शिकू का, असं विचारलंत. सॉफ्टवेअर घ्यायची घाई नको. महागडी कलचाचणी घेऊन बसायचं आणि बारावीच्या पोराला कॅप राउंडचे (केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांचे) पर्याय कसे भरायचे हे सांगता येत नाही, ही नवख्यांची नेहमीची चूक.

सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) संकेतस्थळावरून मागच्या वर्षीची इंजिनिअरिंगची कटऑफ यादी उतरवून घ्या. कोल्हापुरातलं एकच कॉलेज, एकच शाखा बघा. वरचा आकडा गुणवत्ता क्रमांक, कंसातला पर्सेंटाइल. 'एल'ने सुरू होणारे कोड मुलींच्या जागांचे. हे सरावानं वाचता आलं की तीन-चार कॉलेजं गूगल शीटमध्ये राउंडनुसार मांडा. पालकांना ते लगेच कळतं.

आणि हे कटाक्षानं पाळा:
- मुलाच्या अर्जात स्वतःचा मोबाईल नंबर कधीच घालू नका. ओटीपी घरीच गेला पाहिजे, नाहीतर लांब चंदगडचं पोर ऐन मुदतीच्या दिवशी तुम्हाला फोन लावत बसतं.
- गुणपत्रिका, जातीचे दाखले व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवू नका. अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात पालकांच्या संमतीची अट आहे.

रील, एआय नंतर बघू. जमेल तुम्हाला, नक्की. पहिली शीट झाली की पाठवा, तपासून देतो.