तिसऱ्या गिअरात एक सेशन

प्रश्न : माझी पेट्रोल पोलो आहे, मॅन्युअल. मित्रांबरोबर कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी जातो. घट्ट वळण आलं की चौथ्यातून तिसरा, मग दुसरा टाकतो. पण दुसऱ्यात क्लच सोडताच झटका बसतो, पुढची चाकं करकरतात आणि गाडी बाहेर ओढली जाते. सिग्नलला रोज सराव करूनही हील-टो, म्हणजे एकाच पायाने ब्रेक दाबत खालच्या गिअरसाठी एक्सिलरेटर देणं, जमत नाही. आणि इंजिन ब्रेकिंग वाढवलं, म्हणजे खालचा गिअर टाकून इंजिनानेच वेग कमी केला, तर ब्रेक पॅड वाचतील ना? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : पॅडचं आधी. पॅड वाचवायला क्लच आणि गिअरबॉक्स पणाला लावणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. वेग मोडायचं काम ब्रेकचं. गिअर लागतो तो वळणातून बाहेर पडताना.

तुमची गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिन जोडलंय ते पुढच्याच चाकांना. पुढची चाकं एकाच वेळी ब्रेकही सोसतात आणि वळतातही. त्यात इंजिनाची ओढ त्यांच्याच गळ्यात. तिसऱ्यात साडेचार हजार आरपीएम असतील, तर त्याच वेगाला दुसऱ्यात पावणेसात हजारांच्या आसपास लागतात. म्हणजे दुसरा तुम्ही फार लवकर टाकताय. घाईत चौथ्यातून थेट दुसरा पडला, तर इंजिनाचे आरपीएम हद्दीत ठेवणाऱ्या रेव्ह लिमिटरच्या भरवशावर राहू नका. तो पेट्रोल तोडतो, पण तेव्हा इंजिनाला चाकंच फिरवत असतात. व्हॉल्व्ह वाकायला तेवढं पुरतं.

सिग्नलचा सराव सोडून द्या. तिथे ब्रेक हलका दाबला जातो, पॅडल एक्सिलरेटरच्या बरंच वर राहतं. पावलाची कड पोचणार कशी? ट्रॅकवर ब्रेक सणसणून दाबला की दोन्ही पॅडल जवळपास एका पातळीत येतात. चवडा ब्रेकवर, उजवी कड एक्सिलरेटरवर. टाच वळवायच्या भानगडीत पडूच नका.

पुढच्या वेळी पहिलं सेशन अख्खं तिसऱ्यात काढा. मित्र हसतील, हसू देत. लक्ष फक्त ब्रेकवर : गाडी सरळ असतानाच जोरात, एबीएसची थरथर पायाला जेमतेम लागेल इतका, मग वळणात शिरता शिरता हळूहळू सोडत. बहुतेकांचं नेमकं उलट होतं, आधी भीत भीत आणि शेवटी घाबरून कचकन. हे बसलं की दुसरा गिअर आणा, ब्रेकिंगच्या अगदी शेवटी. क्लच आत, कडेने एक्सिलरेटरला टिचकी, गिअर, क्लच बाहेर. टिचकी देताना ब्रेकवरचा दाब हलत असेल, तर काही दिवस टिचकी सोडा आणि क्लच सावकाश सोडा.

निघण्यापूर्वी ब्रेक ऑइल बदला. ताजं डॉट ४ किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्याची हमी 155 पर्यंतच. पॅडल मऊ लागलं की त्याच लॅपला पिटमध्ये या. शेवटची लॅप संथ काढा, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा.