वाचकांचे प्रश्न : जहाजाच्या इंजिन रूमची वाट

प्रश्न : माझा मोठा मुलगा आयटीआयमधून फिटर झाला असून सध्या काकाच्या मच्छीमार ट्रॉलरवर इंजिन सांभाळतो. त्याला व्यापारी जहाजावर इंजिन विभागात जायचे आहे. ‘सीडीसी (खलाशाचे अधिकृत सेवापुस्तक) आणि नोकरी एकदमच करून देतो’ असे सांगून एका एजंटाने मोठी रक्कम मागितली आहे. ती द्यावी का? ट्रॉलरचा अनुभव जहाजावर धरतात का? धाकटा यंदा दहावीला आहे, त्यालाही याच कामाची ओढ आहे.
– एक पालक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : एजंटाला पैसे देऊ नका. भारताने 2015 मध्ये मान्यता दिलेल्या सागरी कामगार करारानुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट आणि सीडीसी एवढाच खर्च त्याच्यावर पडू शकतो. भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे नौवहन महासंचालनालयाचा, आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना असावा लागतो व त्याचा क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. मान्यताप्राप्त संस्थेची प्रशिक्षणाची फी ही गोष्ट वेगळी. ती संस्थेच्या नावे भरावी आणि पावती घ्यावी.

ट्रॉलरचा अनुभव मात्र कागदावर धरला जात नाही. खलाशांचे प्रशिक्षण व प्रमाणपत्रे ज्या 1978 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, म्हणजे एसटीसीडब्ल्यूनुसार, दिली जातात, त्यातून मासेमारी नौका स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. त्यामुळे मुलाला सुरुवात जीपी रेटिंगच्या, म्हणजे डेक व इंजिन या दोन्ही विभागांत काम करणाऱ्या सामान्य खलाशाच्या, सहा महिन्यांच्या निवासी अभ्यासक्रमापासूनच करावी लागेल. त्यासाठी दहावीला एकूण 40 टक्के आणि इंग्रजीतही 40 टक्के गुण लागतात, वय साधारणपणे साडेसतरा ते पंचवीस असावे लागते, आणि दोन वर्षांचा आयटीआय झालेल्यांनाही त्यांच्या गुणांवर प्रवेश मिळू शकतो. संस्था निवडताना इमारत व गणवेश पाहू नये. मागच्या तुकडीतील किती मुले प्रत्यक्ष जहाजावर चढली हे विचारावे आणि त्यांपैकी दोघातिघांशी स्वतः बोलावे. या व्यवसायातील खरी अडचण वर्ग पूर्ण करण्यात नसून त्यानंतर प्रशिक्षणार्थी म्हणून पहिले जहाज मिळण्यात आहे. समुद्रावरची ती सेवा झाल्याखेरीज इंजिन रूमच्या वॉचमध्ये, म्हणजे पाळीत, उभे राहण्याचे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि त्या प्रमाणपत्राशिवाय वायपरला, म्हणजे इंजिन रूममधल्या सर्वांत कनिष्ठ हुद्द्यावरच्या मुलाला, ऑइलर किंवा मोटरमन या वरच्या हुद्द्यांवर जाता येत नाही. फिटरचे काम हाती असल्याने पुढे जहाजावरील फिटरच्या जागेसाठी मुलाला फायदा होईल. तेव्हा वेल्डिंग आणि लेथवरचा हात त्याने सुटू देऊ नये.

ट्रॉलरवरून आलेल्या मुलांना दोन सवयी मोडाव्या लागतात. पहिली केवळ कानावर विसंबण्याची. आवाजावरून इंजिनाची तब्येत ओळखणे हा गुणच आहे, पण जहाजावर वंगणतेलाचा दाब, थंड करणाऱ्या पाण्याचे तापमान आणि प्रत्येक सिलिंडरच्या धुराचे तापमान ठरलेल्या वेळी पाहून नोंदवावे लागते, कारण पुढच्या वॉचचा माणूस त्या आकड्यांवर अवलंबून असतो. मोठे इंजिन सुरू करण्यापूर्वी इंडिकेटर कॉक, म्हणजे प्रत्येक सिलिंडरवरची छोटी तोटी, उघडे ठेवून ते टर्निंग गिअर या फिरवणाऱ्या यंत्राने सावकाश फिरवतात. एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी झिरपलेले असेल तर ते कॉकमधून बाहेर पडताना दिसते. हे न पाहताच इंजिन सुरू केले, तर पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकण्यापर्यंत नुकसान होऊ शकते. म्हणून त्या वेळी ऑइलरने एकेका कॉकवर नजर ठेवून उभे राहायचे असते. हे काम कंटाळवाणे वाटते, पण ते शिकवणारी संस्था चांगली समजावी.

दुसरी सवय बिल्जचे, म्हणजे नौकेच्या तळाशी साचणारे तेलकट, पाणी सरळ समुद्रात सोडण्याची. जहाजावर ते पाणी तेल वेगळे करणाऱ्या विभाजकातून जावे लागते, त्यात दहा लाख भागांत 15 पेक्षा जास्त तेल चालत नाही, आणि प्रत्येक व्यवहार ऑइल रेकॉर्ड बुकमध्ये लिहावा लागतो. चोरून बसवलेल्या नळीने तेलकट पाणी सोडल्याबद्दल आणि खोट्या नोंदींबद्दल अमेरिकेत जहाजांवरील इंजिनिअर तुरुंगात गेले आहेत. वरिष्ठाने तोंडी सांगितले म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा मुलगाही चौकशीतून सुटत नाही, हे त्याला घरूनच सांगून ठेवा.

धाकट्याने कोचीच्या सिफनेट या केंद्रीय संस्थेचा विचार जरूर करावा. तिथे आणि तिच्या चेन्नई व विशाखापट्टणम येथील केंद्रांत दहावीनंतर मरीन फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याचा रोख मासेमारी नौकांकडे आहे, हे मात्र लक्षात घेऊन निर्णय करावा.

प्रश्न : मुंबई बंदरातील प्रवासी लाँचवर मी बरीच वर्षे खलाशी आहे आणि इंजिनाची कामेही करतो. यापुढे माझी बढती कशी होईल?
– एक वाचक, उरण

उत्तर : तुमचा मार्ग वेगळा आहे आणि माझ्या मते अधिक खात्रीचा आहे. बंदराच्या आत व खाड्यांत चालणाऱ्या अंतर्देशीय नौका 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येतात, आणि त्यांवरील इंजिन ड्रायव्हरची प्रमाणपत्रे द्वितीय श्रेणीपासून सुरू होतात. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. परीक्षेची पात्रता व तारखा तिथेच विचाराव्यात. मालकाकडून सेवेचा दाखला आताच घेऊन ठेवा आणि त्यात लाँचचा नोंदणी क्रमांक, इंजिनाची शक्ती, तुमचा हुद्दा व नेमका कालावधी लिहून घ्या. मालक बदलला किंवा लाँच भंगारात गेली की असे दाखले मिळवताना फार पायपीट होते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो सेवा 2020 मध्ये सुरू झाल्यापासून मोठ्या फेरीबोटीही याच पट्ट्यात आल्या आहेत. अशा नौकेसाठी कोणते प्रमाणपत्र लागते, हे अर्ज करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

प्रश्न : मला चष्मा आहे. इंजिन विभागात प्रवेश मिळेल का?
– एक विद्यार्थी, मालवण

उत्तर : इंजिन विभागासाठी दृष्टीची अट डेक विभागापेक्षा सौम्य आहे आणि चष्म्याला मुभा आहे, परंतु जीपी रेटिंगला दोन्हीकडे काम करावे लागत असल्याने तिथे निकष कडक असतो. रंगांधळेपण मात्र इंजिन रूममध्येही अडचणीचे ठरते, कारण पाइपांचे व अलार्मच्या दिव्यांचे रंग ओळखावे लागतात. फी भरण्याआधी डीजी शिपिंगमान्य डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.