वाचक विचारतात : मायक्रोसॉफ्टला नेमक्या कशाबद्दल शिव्या द्यायच्या?

गेल्या अंकात 'विंडोजला ऊठसूट नावं ठेवणं सोडा' असं एक वाक्य लिहून गेलो आणि पत्रांचा ढीग आला. त्यातली तीन घेतो.

प्रश्न : तुम्ही मायक्रोसॉफ्टचे वकील आहात का? माझा कॉम्प्युटर आठवड्यातून दोनदा निळी स्क्रीन दाखवतो. एवढी श्रीमंत कंपनी आणि माल असा?
— एक वाचक, कराड

वकील नाही हो, मेकॅनिक आहे. सांगलीत दुरुस्तीचं दुकान आहे माझं. मागच्या महिन्यात तुमच्यासारखंच मशीन आलं होतं. मालक 'फॉरमॅट मारा' म्हणून अडून बसलेले. झाकण उघडलं, तर आत बोटभर धूळ. रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी टोकांवर काळपट थर चढलेला. शाळेतली पोरं वापरतात तो पांढरा खोडरबर घेतला, टोकं हलक्या हातानं घासली, ब्रश मारला आणि 'टक्' आवाज येईपर्यंत पट्टी परत दाबून बसवली. निळी स्क्रीन गायब. एवढ्याचे पैसे घेताना जरा लाज वाटली, पण घेतले.

आत काहीतरी बिनसलंय हे कळल्यावर विंडोजनं स्वतःच दाबलेला ब्रेक म्हणजे ती निळी स्क्रीन. दोष बहुतेक वेळा रॅमचा, हार्ड डिस्कचा, नाहीतर दुसऱ्याच कंपनीच्या ड्रायव्हरचा, म्हणजे प्रिंटरसारखी उपकरणं चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा असतो. 19 जुलै 2024 आठवतो? जगभरात सुमारे 85 लाख मशीन निळी पडली, आपल्याकडे प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. चूक होती क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या अपडेटमध्ये, नाव झालं मायक्रोसॉफ्टचं.

विंडोजमध्ये व्हायरस शिरतात, ही ओरड मात्र खरी होती. 2003च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर हा व्हायरसच्याच जातीचा, नेटवरून आपोआप पसरणारा वर्म आला, तेव्हा विंडोज एक्सपीचं मशीन नेटला जोडलं की 60 सेकंदांची उलटी मोजणी सुरू होऊन ते बंद पडायचं. दुरुस्तीचा पॅच महिनाभर आधी निघाला होता, पण तो टाकणार कोण? एक्सपीत नेटवरचे घुसखोर अडवणारी फायरवॉल होती, पण बंद ठेवलेली. घराला कुलूप द्यायचं आणि किल्ली माळ्यावर ठेवायची, असला प्रकार. ती आपोआप चालू मिळायला 2004चा दुसरा सर्व्हिस पॅक, म्हणजे सुधारणांचा गठ्ठा, यावा लागला.

तुम्ही आधी खोडरबर घ्या. मशीन बंद करून, वायर काढून.

प्रश्न : नातू म्हणतो, बिल गेट्सनी डॉस चोरलं. खरं का?
— निवृत्त शिक्षिका, चिपळूण

नाही बाई, रीतसर विकत घेतलं. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा. सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीत टिम पॅटरसन यांनी ते लिहिलं होतं. जुलै 1981मध्ये मायक्रोसॉफ्टनं 50,000 डॉलरला त्याचे पूर्ण हक्क घेतले आणि पुढच्याच महिन्यात तेच डॉस घेऊन आयबीएम या बड्या कंपनीचा पीसी बाजारात आला. आयबीएमशी बोलणी झाल्याचं विकणाऱ्याला सांगितलं नव्हतं. बायपास कुठून जाणार हे माहीत असलेल्यानं शेतकऱ्याची जमीन गुपचूप घ्यावी, तसं. पुढे त्या छोट्या कंपनीनं दावा लावला आणि 1986मध्ये मायक्रोसॉफ्टनं 9,25,000 डॉलर देऊन तो मिटवला. नातवाला म्हणावं, चोर नाही, पण बेरकी नक्कीच.

प्रश्न : मक्तेदारीच्या नावानं नुसता गळा काढतात लोक. माल चांगला म्हणून विकला गेला, जबरदस्ती कुणी केली?
— संगणकशास्त्राचा विद्यार्थी, पुणे

तू अजून लहान आहेस, म्हणून रागावत नाही.

समज, साबणाच्या कंपनीनं किराणा दुकानदाराशी करार केला : दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे आम्हाला एका साबणाचे पैसे द्यायचे, त्यानं कुठलाही साबण घेतलेला असो. दुकानदार दुसऱ्याचा साबण ठेवेल का? मायक्रोसॉफ्टचे कॉम्प्युटर बनवणाऱ्यांशी अगदी असे करार होते. विकलेल्या प्रत्येक मशीनमागे पैसे, आत डॉस असो वा नसो. 1994मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं ते बंद करायला लावले. मग नेटस्केप या दुसऱ्या कंपनीच्या ब्राउझरची पाळी. आपला ब्राउझर इंटरनेट एक्स्प्लोरर विंडोजला जोडून फुकट दिलाच, वर कॉम्प्युटर कंपन्यांना त्याचं चिन्ह काढायचीही बंदी. 1998मध्ये खटला उभा राहिला. जून 2000मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करायचा आदेश दिला. वरच्या कोर्टानं 2001मध्ये तो फिरवला खरा, पण मक्तेदारी टिकवायला बेकायदा मार्ग वापरले, हा निष्कर्ष कायम ठेवला. तुझ्या जबरदस्तीचं उत्तर त्या निकालात आहे. निळ्या स्क्रीनवरून बोंबलणारे हे कधी काढत नाहीत, म्हणून गेल्या अंकात वैतागलो होतो.

आणि या पापात मीही आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी प्रत्येक असेंबल्ड मशीनमध्ये एकाच कॉपी केलेल्या सीडीवरून विंडोज टाकायचो. कुणी पैसे देत नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं. वाटायचं, मोठ्या कंपनीची काय जिरवली! 1998मध्ये चीनबद्दल बोलताना गेट्स म्हणाले होते, की चोरणारच असतील तर आमचंच चोरू देत, सवय लागली की पुढे वसुलीचं बघू. ते वाचलं आणि माझा चेहरा पडला. मी त्यांचा बिनपगारी सेल्समन होतो.

मागच्या वर्षी एक मुख्याध्यापक हौसेनं आले, शाळेच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स आणि वर्डऐवजी लिबरऑफिस, ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर, टाकून घेतली. चार महिने खूश. मग वरच्या कार्यालयातून वर्डमध्ये केलेला माहितीचा तक्ता आला. त्यांच्याकडे उघडल्यावर शेवटचे रकाने घसरून दुसऱ्या पानावर गेले आणि भरून पाठवलेला तक्ता 'नमुन्यात नाही' म्हणून परत आला. दोनदा. तिसऱ्या वेळी सर माझ्या काउंटरवर मशीन ठेवून म्हणाले, "टाका बाबा तुमचं ते."

टाकलं. या वेळी पावती फाडून.