एस्किलस, ईस्किलस की आइस्खिलोस?

प्रश्न : आमचा ग्रुप 'ओरेस्तेइया' या ग्रीक नाट्यत्रयीवर मराठीत एक कार्यक्रम करतोय, निवेदन माझ्याकडे आहे. नाटककाराचं नाव आमचे सर एस्किलस असं घेतात, इंग्रजी व्हिडिओत ईस्किलस ऐकू येतं, स्क्रिप्टमध्ये एकीने एशिलस टाइप केलंय, आणि एक जण म्हणतो खरं नाव आइस्खिलोस. स्टेजवर काय म्हणू? आणि 'एस्किलसने लिहिलं' की 'एस्किलसाने'? - एक वाचक, नाशिक

उत्तर : स्टेजवर बिनधास्त एस्किलस म्हणा. एशिलस मात्र आजच खोडून टाका, त्याला ग्रीक, लॅटिन किंवा इंग्रजीचा आधार नाही, स्पेलिंगमधलं एस-सी-एच बघून तो श आलाय. हेच एस-सी-एच 'स्कूल'मध्ये पण आहे, तो शब्दही मुळात ग्रीक 'स्खोले'वरून लॅटिनमार्गे आलेला, आणि इंग्रजीत त्याला शूल कोणी म्हणत नाही.

आता मूळ नाव. अथेन्समध्ये इ.स.पू. 458 ला ओरेस्तेइया झालं तेव्हा लोक साधारण आइस्खिलोस म्हणत असणार, सुरुवातीला आइ, मग चक्क आपला ख, म्हणजे क आणि वर श्वास. इंग्रजीला हा ख वेगळा लिहिता येत नाही, देवनागरीला येतो, हे मला फार आवडतं. फक्त 'खि'मधला स्वर अवघड आहे, ओठ उ सारखे गोल करायचे आणि आतून इ म्हणायचं, त्याला आपल्याकडे अक्षर नाही म्हणून कोणी खि लिहितं कोणी खु, दोन्ही चालतं. पुढे रोमन लोकांनी ते लॅटिनमध्ये घेतलं, ओसच्या जागी त्यांचा उस लावला, आणि इंग्रजांनी त्या लॅटिन स्पेलिंगवरून ईस्किलस केलं, काही जण एस्किलस पण म्हणतात. आजच्या ग्रीसमध्ये विचाराल तर एस्हीलोस ऐकू येईल, जोर ही वर. म्हणजे व्हिडिओतला ईस्किलस हा काही अंतिम निकाल नाही, ती इंग्रजीची सोय आहे, मराठीत एस्किलस रुळलंय तर ते सोडायचं कारण नाही.

शेवटचा ओस हा तर नावाचा पक्का भागच नाही, तो प्रथमेचा प्रत्यय आहे, संस्कृतात रामः मधला विसर्ग असतो तसा. त्याच्या थडग्यावरचा म्हणून जो लेख सांगतात (तो सिसिली बेटावरच्या 'गेला' नावाच्या गावी वारला) त्यात नाव द्वितीयेत आहे, आइस्खिलोन, रामम् सारखं. त्या लेखात तो एउफोरिओनचा मुलगा, अथेन्सचा, आणि मॅरेथॉनच्या लढाईत शौर्य गाजवलेला एवढंच आहे, नाटकांचा एक शब्द नाही! निवेदनात हे जरूर घ्या, लोक ऐकतील.

आणि परकं नाव घेऊन त्याला आपले प्रत्यय लावणं हे आपल्याकडे खूप जुनं आहे. विदिशाजवळ बेसनगरला इ.स.पू. दुसऱ्या शतकातला गरुडस्तंभ आहे, तो उभारणारा ग्रीक राजदूत हेलिओदोरोस, पण लेखात कोरलंय 'हेलिओदोरेण', ओस गायब आणि प्राकृत तृतीया हजर. त्याचा राजा अंतिआल्किदास तिथे 'अंतलिकितस' होतो, शेवटचा स आपला षष्ठीचा. कोरणाऱ्याला काही अडचण आली नाही, तुम्हालाही येऊ नये.

म्हणून प्रत्यय मराठीच लावा, पण सामान्यरूप करू नका. कालिदासाने, भासाने हे बरोबर कारण ती नावं आपल्या घरातली, आजच्या मराठीत परकं नाव सहसा तसंच ठेवतो, एस्किलसने, एस्किलसचं, एस्किलसला. 'एस्किलसाने' चूक म्हणणार नाही मी, पण कानाला जड वाटतं. एकेरी ठेवा, 'कालिदास म्हणतो' तसंच 'एस्किलस म्हणतो', उगाच एस्किलसजी वगैरे नको.

पहिल्यांदा नाव येईल तिथे एकदाच 'अथेन्सचे लोक त्याला आइस्खिलोस म्हणत' असं सांगा, ख नीट उच्चारा, घाई करू नका, आणि मग शेवटपर्यंत एस्किलसच, मधे बदलू नका, आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना पण तेच सांगा. पु. लं.नी तर सोफोक्लीसच्या 'ईडिपस' नाटकाचं ग्रीक वळणाने 'राजा ओयदिपौस' केलं होतं, त्यामुळे पूर्ण कार्यक्रम आइस्खिलोस म्हणून केलात तरी मराठीत ते नवं नाही, फक्त मग बाकीच्या ग्रीक नाटककारांनाही तसंच, म्हणजे सोफोक्लेस आणि एउरिपिदेस म्हणावं लागेल. नाहीतर सोफोक्लीस, युरिपिडीस ठेवा, पण शेवटी स च म्हणा, सोफोक्लीझ मधला तो झ इंग्रजीतून आलाय, ग्रीकमध्ये तिथे साधा स आहे.