शाळेतल्या आरोग्याविषयीच्या संशोधनात मुलांना नुसते फॉर्म भरायला न लावता खरोखर सामील कसं करून घ्यावं?

प्रश्नावली छापण्याआधीच मुलांना बोलवा, प्रश्न त्यांनाच ठरवू द्या. आपण मोठी माणसं 'पाणी किती पिता?' एवढंच विचारतो. परळ-लालबागकडच्या एखाद्या शाळेत आठवीच्या मुली सांगतील की स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही, म्हणून पाण्याची बाटली भरलेलीच घरी जाते. खरा विषय तिथे सापडतो! शाळेचा नकाशा काढायला द्या; कुठे कोंदट वाटतं, कुठे भीती वाटते, ते त्यांनीच रंगवावं. त्या वेळी वर्गशिक्षक बाहेर थांबलेले बरे, नाहीतर मुलं गप्प बसतात. पालकांची संमती हवीच. शिवाय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ७ वर्षांपुढच्या मुलांचाही होकार घ्यावा लागतो, १२ वर्षांपुढे तो लेखी. आणि निष्कर्ष मुख्याध्यापकांपुढे मांडायलाही मुलांनाच उभं करा.